हिल्डे मांगोल्ड: जिच्या पीएचडीच्या प्रयोगावर गुरूला नोबेल मिळालं, पण प्रश्नाचं उत्तर यायला ७६ वर्षं लागली

पीएचडीसाठी केलेल्या प्रयोगाला थेट नोबेल मिळणं ही तशी दुर्मीळ गोष्ट. १९३५ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल ज्या शोधाला मिळालं, तो शोध अशाच एका प्रबंधातला होता. पण ते घ्यायला स्टॉकहोमला गेले गाईड. प्रबंध लिहिणारी विद्यार्थिनी जाऊन तोवर ११ वर्षं झाली होती. गेली तेव्हा तिचं वय होतं २५, आणि कारण होतं स्वयंपाकघरात उडालेला भडका.

तिचं नाव हिल्डे मांगोल्ड.

झूलॉजी घेऊन बीएस्सी केलेल्यांनी परीक्षेत तिच्या प्रयोगाची आकृती काढलीही असेल. एका छोट्या भ्रूणाच्या पोटाला चिकटलेला दुसरा भ्रूण, दोघांनाही पाठीचा कणा, दोघांचीही वेगळी मज्जा. आकृतीखाली नाव असतं ‘श्पेमान-मांगोल्ड ऑर्गनायझर’. त्यातल्या मांगोल्डचा फोटो मात्र फार कमी जणांनी पाहिलेला असतो.

तिच्या प्रयोगाने एक प्रश्न उभा केला. त्याचं उत्तर शोधताना शास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या थकल्या. शेवटी ते सापडलं पेशींनी बाहेर सोडलेल्या काही प्रथिनांमध्ये, आणि त्यावर शिक्कामोर्तब केलं जनुकं काढून टाकलेल्या उंदरांनी. म्हणून ही गोष्ट तिच्या मृत्यूपाशी थांबत नाही. पण सुरुवात तिच्यापासूनच करू.

साबणाच्या कारखानदाराची मुलगी

हिल्डे प्रोशोल्टचा जन्म २० ऑक्टोबर १८९८चा, जर्मनीतल्या गोथा या गावचा. वडिलांचा साबणाचा कारखाना होता, घरची परिस्थिती चांगली होती. तीन बहिणींत हिल्डे मधली. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा ती येना विद्यापीठात शिकत होती, तिथून ती फ्रँकफर्टला गेली.

फ्रँकफर्टमध्ये तिने एक व्याख्यान ऐकलं. वक्ते होते हान्स श्पेमान, त्या काळातलं भ्रूणशास्त्रातलं मोठं नाव. गर्भ कसा वाढतो हे नुसतं बघत बसण्याऐवजी त्याच्यावर शस्त्रक्रिया करून त्याला प्रश्न विचारायचे, ही त्यांची पद्धत. व्याख्यान ऐकून हिल्डेने ठरवलं की शिकायचं तर यांच्याकडेच. १९२० साली ती फ्रायबर्गला पोचली.

फ्रायबर्ग ज्या बाडेन प्रांतात येतं, तिथे मुलींना विद्यापीठात रीतसर प्रवेश १९०० साली मिळाला होता, आणि जर्मनीत हे सगळ्यात आधी तिथेच घडलं होतं. म्हणजे ती आली तेव्हा या गोष्टीला जेमतेम २० वर्षं झाली होती. प्रयोगशाळेत तिच्यासोबत व्हिक्टर हॅम्बुर्गर आणि योहानेस होल्टफ्रेटर होते. दोघंही पुढे मोठे शास्त्रज्ञ झाले. हिल्डेबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं हॅम्बुर्गरने म्हातारपणी लिहून ठेवल्यामुळे.

श्पेमान यांनी तिला आधी दिलेला विषय विचित्र होता. हायड्रा नावाचा गोड्या पाण्यातला इवलासा जीव असतो. अठराव्या शतकात अब्राहम ट्रेंबली नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने तो सदरा उलटा करावा तसा आतून बाहेर उलटवला होता. हिल्डेने तेच पुन्हा करून बघायचं होतं. तिने खूप खटपट केली. हायड्रा काही उलटेना. ती वैतागली, आणि तिने दुसरा विषय मागितला.

दुसरा विषय मिळाला तो ऑर्गनायझरचा.

मोहरीएवढ्या भ्रूणावर शस्त्रक्रिया

प्रयोग समजून घ्यायला आधी भ्रूणात काय होतं ते बघू.

आपलं शरीर एका पेशीपासून सुरू होतं. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. काही काळ सगळ्या पेशी सारख्याच दिसतात. मग कुणाची कातडी होते, कुणाचा मेंदू, कुणाचं स्नायू. सगळ्यांकडे जनुकं तीच असताना हे वाटप ठरवतं कोण?

श्पेमान यांचा संशय एका ठरावीक जागेवर होता. न्यूट नावाचा प्राणी असतो. दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या नात्यातला. त्याचा भ्रूण वाढताना आधी पेशींचा गोल गोळा होतो, मग त्या गोळ्यावर एका बाजूला बारीक खाच पडते आणि तिथून पेशी आत सरकू लागतात. या खाचेच्या वरच्या ओठात काहीतरी खास आहे असं श्पेमान यांना वाटत होतं. त्यांनी स्वतः आधी असे तुकडे इकडून तिकडे लावून पाहिले होते. तुकडा जिथे लावला तिथे नवीन मज्जा तयार व्हायची. पण ती नेमकी कुणापासून झाली? आणलेल्या तुकड्यापासून, की आजूबाजूच्या मूळच्या पेशींपासून? दोन्ही भ्रूण एकाच रंगाचे असतील तर हे सांगणार कसं?

यावर युक्ती निघाली ती रंगाची. न्यूटच्या एका जातीचे भ्रूण जवळपास पांढरे असतात आणि दुसऱ्या जातीचे गडद. पांढऱ्या भ्रूणाच्या खाचेचा ओठ कापायचा आणि गडद भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला लावायचा. पुढे जे काही तयार होईल त्यात पांढरं कुठे आणि गडद कुठे हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसेल.

सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात भ्रूण मोहरीच्या दाण्याएवढा. त्याच्याभोवती जेलीसारखं आवरण, ते चिमट्याने सोलायचं. हत्यारं म्हणजे ओढून बारीक केलेल्या काचेच्या सुया आणि लहान बाळाच्या केसांचे फासे. कापलेला तुकडा जागेवर बसला की तो चिकटेपर्यंत त्यावर काचेची बारीक पट्टी दाबून ठेवायची. अँटिबायोटिक्स अजून जन्मालाच आली नव्हती, त्यामुळे आवरण काढलेले बहुतेक भ्रूण जंतुसंसर्गाने मरायचे. त्यात न्यूट अंडी घालतो वसंत ऋतूत, म्हणजे वर्षातले काही आठवडेच कामाचे. ते गेले की थेट पुढच्या वर्षी.

हिल्डेने १९२१ आणि १९२२चे वसंत या कामात घालवले. तिने केलेल्या शस्त्रक्रियांच्या मानाने हवे तितके दिवस जगलेले भ्रूण हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच निघाले. पण जे जगले त्यांनी काम केलं. गडद भ्रूणाच्या पोटावर दुसरा भ्रूण वाढला होता. त्यालाही मज्जारज्जू, कण्याच्या जागचा दांडा आणि शेजारी स्नायूंचे ठोकळे.

हे भ्रूण पातळ कापून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. कण्याच्या जागचा दांडा मुख्यतः पांढऱ्या पेशींचा होता, म्हणजे आणलेल्या तुकड्याचा. पण नव्या मज्जारज्जूत बहुतेक पेशी गडद होत्या. म्हणजे यजमान भ्रूणाच्याच. एरवी त्यांची पोटाची कातडी झाली असती. शेजारी पांढरा तुकडा येऊन बसला आणि त्यांची मज्जा झाली.

थोडक्यात, तो तुकडा शेजारच्या पेशींचं नशीब बदलत होता. स्वतः मेंदू न होता तो दुसऱ्यांकडून मेंदू घडवून घेत होता. म्हणून नाव पडलं ऑर्गनायझर.

नाव कुणाचं आधी?

१९२१ मध्येच हिल्डेचं लग्न झालं होतं. नवरा ओटो मांगोल्ड हा श्पेमान यांचाच मुख्य सहायक. १९२३ मध्ये तिला पीएचडी मिळाली. जर्मनीत तेव्हा महागाईने कहर केला होता आणि पगाराचे मार्क संध्याकाळपर्यंत कागदाच्या मोलाचे होत होते.

प्रबंध शोधनिबंध म्हणून छापायची वेळ आली तेव्हा श्पेमान यांनी त्यावर स्वतःचं नाव घालायचं ठरवलं, आणि तेही पहिलं. हिल्डेला हे आवडलं नव्हतं. हॅम्बुर्गरने लिहून ठेवलंय की त्याचा स्वतःचा आणि होल्टफ्रेटरचा प्रबंध त्यांच्या एकट्याच्या नावाने छापला गेला होता. त्या दोघांच्या कामात गुरूला नाव लावावंसं वाटलं नाही. हिल्डेच्या कामात वाटलं.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. कल्पना श्पेमान यांची होती, आधीची अनेक वर्षांची तयारी त्यांची होती, आणि निकालाचा अर्थ किती मोठा आहे हेही त्यांनीच ओळखलं. हॅम्बुर्गरनेही त्यांना खलनायक ठरवलेलं नाही. मला यात खटकते ती एकच गोष्ट. गुरूची कल्पना, शिष्याचे हात, हे तर तिन्ही प्रबंधांना लागू होतं. नियम बदलला तो एकाच प्रबंधासाठी, ज्याचं महत्त्व गुरूला कळलं होतं.

१९२४ मध्ये ओटोला बर्लिनच्या दालेम भागातल्या कैसर विल्हेल्म जीवशास्त्र संस्थेत जागा मिळाली. तान्ह्या ख्रिस्तियानला घेऊन कुटुंब तिकडे गेलं. त्याच वर्षी तो निबंधही छापला गेला, श्पेमान आणि मांगोल्ड या क्रमाने.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये स्वयंपाकघरातल्या शेगडीचा भडका उडाला. हिल्डे गंभीर भाजली. ४ सप्टेंबर १९२४ रोजी ती गेली.

तिचे उरलेले काही प्रयोग १९२९ मध्ये छापले गेले. त्या निबंधावर नाव तिचं एकटीचं आहे. ख्रिस्तियानही पुढे दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. ओटो नाझींच्या बाजूने गेला आणि त्या काळात फ्रायबर्ग विद्यापीठाचा प्रमुखही झाला. हॅम्बुर्गर ज्यू होता. नाझी सत्तेत आले तेव्हा तो अमेरिकेत होता, त्याची इथली नोकरी गेली आणि तो तिकडचाच झाला.

१९३५चं नोबेल श्पेमान यांना एकट्याला मिळालं, कारण दिलं होतं भ्रूणातल्या ऑर्गनायझरचा शोध. नोबेल मृत व्यक्तीला देत नाहीत, त्यामुळे हिल्डेचा विचार होण्याचा प्रश्नच नव्हता.

मेलेला तुकडाही काम करतो!

आता तिच्या प्रश्नाकडे. ऑर्गनायझर शेजारच्या पेशींना असं काय सांगतो?

१९३२ मध्ये श्पेमान यांच्या गटाने एक धक्कादायक गोष्ट जाहीर केली. ऑर्गनायझरचा तुकडा उकळून, गोठवून किंवा अल्कोहोलमध्ये बुडवून मारला, तरी तो शेजारच्या पेशींची मज्जा करू शकतो. म्हणजे जादू जिवंत पेशीत नव्हती, कुठल्यातरी रसायनात होती. मग काय, ते रसायन शोधायला जगभरातल्या प्रयोगशाळा कामाला लागल्या. केंब्रिजमध्ये जोसेफ नीडहॅम आणि कॉनरॅड वॉडिंग्टन, बेल्जियममध्ये जाँ ब्राशे.

आणि सगळी गंमत झाली. यकृताचा तुकडा लावला, मज्जा झाली. मूत्रपिंडाचा अर्क लावला, मज्जा झाली. अगदी मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग, ज्याचा भ्रूणाशी काही संबंध नाही, त्यानेही झाली. न्यूटच्या पेशी इतक्या हळव्या निघाल्या की कुणीही ढोसलं तरी त्या मज्जा व्हायला तयार. चोर शोधायला जावं आणि गावातल्या प्रत्येकाने मीच चोर म्हणावं, तसा प्रकार. हळूहळू तरुण संशोधक दुसऱ्या विषयांकडे वळले. हा प्रश्न कित्येक दशकं तसाच पडून राहिला.

याच परंपरेचा एक धागा पुण्यात येतो. वॉडिंग्टन यांच्याकडे एडिंबरोमध्ये काम केलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात कोंबडीच्या भ्रूणावर संशोधन केलं आणि विद्यार्थी घडवले. कोंबडीच्या अंड्यातही ऑर्गनायझरसारखी जागा असते. न्यूट पुण्यात कुठून आणणार, कोंबडीची अंडी मात्र कधीही मिळतात.

गुपित होतं निरोपांत

पेशी एकमेकींशी बोलतात त्या निरोप पाठवून. पेशी आत एखादं प्रथिन बनवते, ते बाहेर सोडते, ते जवळपास पसरतं आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याच्यासाठी असलेल्या कुलपात जाऊन बसतं. त्या पेशीला आदेश मिळतो: वाढ, विभागून दोन हो, जगत राहा, हाड हो, कातडी हो. असे निरोप नेणाऱ्या बऱ्याच प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

योगायोग बघा. यातला नर्व्ह ग्रोथ फॅक्टर सापडला तो अमेरिकेत, सेंट लुईसला, हॅम्बुर्गरने इटलीहून बोलावून घेतलेल्या रिटा लेवी-मोंताल्चिनी यांच्या कामातून. १९८६चं नोबेल रिटा आणि स्टॅन्ली कोहेन यांना मिळालं. हॅम्बुर्गरचं नाव त्यात नव्हतं. तो १०० वर्षं जगला, आणि नोबेल त्याच्या शेजारून दोनदा गेलं.

असाच आणखी एक निरोप्या म्हणजे बीएमपी. १९६५ मध्ये मार्शल युरिस्ट या हाडांच्या डॉक्टरने दाखवलं की हाडातलं कॅल्शियम काढून उरलेला भाग स्नायूत पुरला तर स्नायूत नवं हाड तयार होतं. हाड घडवणारं ते प्रथिन म्हणून बीएमपी. त्याचा मेंदूशी काही संबंध असेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

१९८०च्या दशकाच्या शेवटी बेडकांवर काम करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली. कातडी होणार असलेल्या पेशी एकमेकींपासून सुट्या करून पाण्यात ठेवल्या, तर त्या मेंदूच्या पेशी होत होत्या. ऑर्गनायझर नाही, शेजारी नाही, कुणी काही सांगायला नाही, आणि तरी मेंदू!

१९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत विल्यम स्मिथ आणि रिचर्ड हार्लंड यांनी बेडकाच्या भ्रूणात एक जनुक शोधलं. ते जास्त दिलं की भ्रूणाला भलंमोठं डोकं यायचं. नाव ठेवलं नॉगिन, इंग्रजी बोलीत डोक्याला म्हणतात तसं. दोन वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये एडी डी रॉबर्टिस यांच्या प्रयोगशाळेत योशिकी सासाई आणि सहकाऱ्यांनी दुसरं शोधलं, कॉर्डिन. दोन्ही प्रथिनं ऑर्गनायझरच्या पेशी बाहेर सोडतात.

ही प्रथिनं कुठल्या कुलपात बसतात याचा शोध सुरू झाला, आणि १९९६ मध्ये कळलं की ती कुठल्याच कुलपात बसत नाहीत. ती बीएमपीला वाटेतच धरतात.

म्हणजे गोष्ट उलटीच निघाली. भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींना बीएमपी सतत निरोप देत असतो की कातडी व्हा. ऑर्गनायझर त्यांना मेंदू व्हा असं सांगतच नाही. तो फक्त तो निरोप अडवतो. निरोप पोचला नाही की पेशी आपापल्या मेंदूच्या वाटेला लागते. पाण्यात सुट्या केलेल्या पेशींचंही तेच झालं होतं, त्यांचे निरोप पाण्यात वाहून गेले होते. ७० वर्षं ज्याला सगळे हुकूम देणारा सेनापती समजत होते, तो निघाला टपाल अडवणारा!

मग उंदीर कशाला?

बेडकात नॉगिन जास्त घातलं की डोकं मोठं होतं, यावरून एवढंच कळतं की नॉगिन असं करू शकतं. पण भ्रूण एरवी मेंदू घडवताना नॉगिनच वापरतो का? मेथिलीन ब्लूही मज्जा करू शकत होता, आणि त्याच खड्ड्यात लोक आधी एकदा पडले होते. हे तपासायचा सरळ मार्ग एकच, ती गोष्ट काढून घ्या आणि काय बिघडतं ते बघा. बाहेर सोडल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत ते जास्तच गरजेचं असतं, कारण एका पेशीने सोडलेलं प्रथिन भलतीकडे जाऊन काम करतं. कुठे दिसलं यावरून कुठे लागतं हे ठरत नाही.

काढून घेण्याची सोय झाली ती उंदरात. १९८१ मध्ये मार्टिन इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भ्रूणातल्या मूळ पेशी काचेच्या बशीत वाढवून दाखवल्या. मारिओ कापेची आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी पेशीतलं नेमकं एकच जनुक गाठून ते बिघडवण्याची पद्धत बसवली. दोन्ही जोडून १९८९ मध्ये पहिले नॉकआउट उंदीर जन्मले, म्हणजे ठरवून एक जनुक बंद केलेले. २००७ मध्ये या तिघांना नोबेल मिळालं.

पद्धत अशी. बशीतल्या मूळ पेशींत हवं ते जनुक बिघडवायचं. त्या पेशी दुसऱ्या रंगाच्या उंदराच्या अगदी कोवळ्या भ्रूणात सोडायच्या आणि तो मादीच्या गर्भाशयात ठेवायचा. पिल्लू जन्मतं ते चट्ट्यापट्ट्यांचं. केसांच्या रंगावरून कळतं की आपल्या पेशी त्यात किती मिसळल्या. परक्या पेशी रंगावरून ओळखायच्या ही कल्पना हिल्डेच्या पांढऱ्या-गडद न्यूटमध्येही होती. मग या पिल्लांची वीण वाढवत न्यायची. ज्याच्यात जनुकाची एकच प्रत बिघडलेली आहे असे नर-मादी जोडले की साधारण चारात एका पिल्लात दोन्ही प्रती बिघडलेल्या निघतात. ते खरं नॉकआउट.

१९९८ मध्ये हार्वर्डच्या अँड्र्यू मॅकमहन यांच्या गटाने हार्लंड यांच्यासोबत नॉगिन काढलेल्या उंदरांचा अभ्यास जाहीर केला. मेंदूच होणार नाही अशी अपेक्षा कुणी ठेवली असेल तर ती फसली. मेंदूची सुरुवात झाली होती. मज्जारज्जूत पुढे दोष होते, पिल्लं जन्मताच मरत होती, पण डोकं होतं. सगळ्यात नजरेत भरणारा बिघाड निघाला सांध्यांत. बीएमपीला अडवणारं कुणी नसल्याने कूर्चा वाढतच गेली आणि बोटांचे सांधे तयारच झाले नाहीत.

याचा माणसाशी संबंध लगेच लागला. काही कुटुंबांत पिढ्यान्पिढ्या बोटांचे सांधे जन्मापासून जुळलेले असतात, बोट वाकतच नाही. १९९९ मध्ये कळलं की अशा कुटुंबांत नॉगिनचं जनुक बिघडलेलं असतं. उंदराने दाखवलं नसतं तर डोक्यासाठी शोधलेलं जनुक बोटांत कुणी शोधलं असतं?

पण हिल्डेचा प्रश्न तसाच होता. एकटं कॉर्डिन काढलं, तरीही मेंदू झाला. म्हणजे एक नसलं तर दुसरं सांभाळून घेत होतं का? मग डी रॉबर्टिस यांच्या प्रयोगशाळेत दानिएल बाशिलेर आणि सहकाऱ्यांनी दोन्ही जनुकं एकाच उंदरात बंद करायचं ठरवलं. आता गणित अवघड होतं. दोन्हींची एकेक प्रत बिघडलेले उंदीर जोडले तर दोन्ही पूर्ण बंद असलेला भ्रूण सरासरी १६ मध्ये एक.

२००० साली निकाल छापला गेला. त्या भ्रूणांना पुढचा मेंदू नव्हता.

हिल्डेच्या निबंधाला तेव्हा ७६ वर्षं झाली होती. ऑर्गनायझर शेजारच्या पेशींवर जो परिणाम करतो त्यासाठी ही दोन प्रथिनं लागतातच, हे सस्तन प्राण्यात दिसलं होतं. फक्त एक काढलं की गोष्ट झाकली जाते, दोन्ही काढल्याशिवाय उघडी पडत नाही.

पुढे काय झालं?

कथा इतक्यावर संपली नाही. लंडनमध्ये रोझा बेडिंग्टन यांनी १९९४ मध्येच हिल्डेचा प्रयोग उंदराच्या भ्रूणात करून पाहिला होता. दुसरी मज्जा तयार झाली, पण तिला पुढचा मेंदू नव्हता. म्हणजे उंदरात डोकं घडवायला ऑर्गनायझरच्या तुकड्याखेरीज आणखी काही लागतं. बेडकात सर्बेरस नावाचं प्रथिन दिलं की जास्तीची डोकी फुटतात, पण उंदरातून त्याचं जनुक काढलं तर डोक्याला धक्काही लागत नाही. उलट २००१ मध्ये डीकेके-१ काढलेल्या उंदरांत डोक्याचा पुढचा भागच तयार झाला नाही. तेही बाहेर सोडलं जाणारं प्रथिन, आणि तेही निरोप अडवणारंच, पण बीएमपीऐवजी डब्ल्यूएनटी नावाच्या वेगळ्या कुटुंबाचे.

बीएमपी आता औषध म्हणून वापरात आहे. अमेरिकेत २००२ पासून मणक्याच्या काही शस्त्रक्रियांमध्ये हाड जुळण्यासाठी ते वापरायला परवानगी आहे. आणि नॉगिन प्रयोगशाळेत बाटलीत मिळतं. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी माणसाच्या मूळ पेशींना नॉगिन आणि आणखी एक रसायन देऊन बशीत बहुतेक पेशींना मेंदूच्या वाटेला लावलं. पार्किन्सन्ससारख्या आजारांसाठी बशीत चेतापेशी वाढवण्याच्या कामात दोन निरोप एकत्र अडवण्याची ही पद्धत आज जगभर वापरली जाते. काम तेच, कातडी होण्याचा निरोप अडवायचा.

फ्रायबर्ग विद्यापीठात आता एका संशोधन इमारतीला हिल्डेचं नाव आहे, हिल्डे मांगोल्ड हाऊस. जुन्या पुस्तकांत नुसतं ‘श्पेमान ऑर्गनायझर’ असायचं. नव्या पुस्तकांत बहुतेक ठिकाणी दोन्ही नावं येतात, आजही त्याच क्रमाने.